कॉलेजचा तरुण क्वार्टरबॅक आणि आपला धीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३० ऑगस्ट २०२५, शनिवार. ऑस्टिनमध्ये आमच्या एका मित्राकडे पाच दिवसांचा गणपती होता. सकाळी ११ वाजता तिकडे कोलंबसला टेक्सस विरुद्ध ओहायो स्टेट ही कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच सुरू झाली आणि इकडे दुपारच्या आरतीला लोक जमायला लागले. आरती होईपर्यंत कुणी फोन बाहेर काढला नाही. प्रसादाचं ताट हातात पडल्यावर मात्र सगळ्यांच्या माना खाली गेल्या. टेक्सस १४-७ने हरलं. मोदक संपायच्या आत निकालही लागला होता : "उगाच गाजवलाय हा पोरगा. दम नाही त्याच्यात."

पोरगा म्हणजे आर्च मॅनिंग. वय २१. टीमचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून त्याच्या पहिल्या सीझनची ही पहिलीच मॅच होती.

पुढे चार महिने तेच प्रश्न मला पार्टीत, फोनवर, गाडीत, मंडळाच्या कार्यक्रमात येत राहिले. काही जण चिडून विचारत होते, काहींना खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

क्वार्टरबॅक नेमकं करतो काय? भारतातून आलेल्या आईबाबांना कसं समजावू?

आधी एवढं सांगा : दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू, चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं, गेलो की पुन्हा चार प्रयत्न. आपल्या बाजूचा प्रत्येक प्रयत्न ज्याच्या हातून सुरू होतो तो क्वार्टरबॅक.

क्रिकेट जाणणाऱ्या बाबांना मी पुढे असं सांगतो. फिरकी गोलंदाजाचा हात बघून बॅट्समन चेंडू ओळखतो ना? तेच काम, फक्त हात एकाचा नाही, अकरा जणांचा वाचायचा. शिवाय ते अकरा जण मुद्दाम खोटं दाखवत असतात. चेंडू मागे येण्याआधी दोन सेफ्टी (बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू) खोल उभे दिसतात, आणि चेंडू हातात येताच त्यातला एक पुढे धावत येतो. म्हणजे आधी वाचलेलं सगळं बदललं. नवा अंदाज बांधायला, पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) बघायला, तो मोकळा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि पास सोडायला मिळून साधारण अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे चार गडी त्याला आडवा करायला निघालेले असतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २०२४पासून कॉलेजच्या वरच्या स्तरावर कोचला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलता येतं. पण ४० सेकंदांच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तिथून पुढे मुलगा एकटा. समोरच्यांनी रचना बदलली तर आपल्या लाइनला (पुढे उभं राहून अडवणाऱ्यांना) कुणाला अडवायचं ते ओरडून सांगायचं, रिसीव्हरला खूण करायची, हवी तर आखलेली चालच बदलायची. परगावच्या स्टेडियममध्ये लाखभर लोक नेमके त्याच वेळी घसा फाडून ओरडत असतात. ही पंधरा सेकंदं समजली की आईबाबासुद्धा त्या पोराकडे वेगळ्या नजरेने बघतात, हा माझा अनुभव आहे.

आर्च मॅनिंगच्या २०२५च्या सीझनमध्ये झालं तरी काय?

टेक्ससला सीझनआधीच्या क्रमवारीत पहिला नंबर मिळाला होता आणि त्याचं मोठं कारण आर्चच होता. पहिल्या मॅचमध्ये ३० पासपैकी १७ पोचले, १७० यार्ड, एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे), एक इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेला पास). तिसऱ्या मॅचमध्ये, घरच्या मैदानावर, यूटेपसारख्या दुबळ्या टीमविरुद्ध २५पैकी फक्त ११ पास पोचले. त्यात एकामागून एक सलग दहा फुकट गेले. टेक्सस ती मॅच जिंकलं, पण घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे फ्लोरिडाकडून हार झाली आणि प्लेऑफचं गणित अवघड झालं.

इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढची फार कमी लोकांनी नीट बघितली. ओक्लाहोमाविरुद्ध डॅलसमध्ये तो शांतपणे, धोका न घेता खेळला : २७पैकी २१ पास पोचले आणि टेक्ससने ती मॅच २३-६ने जिंकली. मिसिसिपी स्टेटविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये टीम १७ पॉइंटांनी मागे होती; तिथून टेक्ससने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये ४५-३८ने मॅच जिंकली. नोव्हेंबरच्या अखेरीस तोवर अपराजित असलेल्या टेक्सस ए अँड एमला २७-१७ने हरवलं. ३१ डिसेंबरला सिट्रस बोलमध्ये मिशिगनला ४१-२७ने. मधे जॉर्जियाकडून सडकून मारही खाल्ला. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. ती अशीच पुढे-मागे होत जाते.

एवढं मोठं नाव आहे, मग लोकांनी मोठी अपेक्षा ठेवली तर चुकलं काय?

अपेक्षा ठेवण्यात चूक नाही. चूक आहे ती आडनावाकडून अपेक्षा ठेवण्यात. आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, तिघेही एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे क्वार्टरबॅक. लोकांच्या डोळ्यांसमोर काकांची शेवटची वर्षं आहेत. सुरुवातीची वर्षं कुणाला आठवत नाहीत.

पेटन मॅनिंग १९९४मध्ये टेनेसीला आला तेव्हा त्याच्या पुढे मोठी मुलं होती. ती जखमी झाली म्हणून त्याला पहिल्या वर्षी संधी मिळाली. पुढे एनएफएलच्या पहिल्या सीझनमध्ये, १९९८ साली, त्याने २८ इंटरसेप्शन फेकले. नवख्या खेळाडूच्या नावावरचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. टीम ३ जिंकली, १३ हरली. पुढच्याच वर्षी तीच टीम १३ जिंकली, ३ हरली. ईलायसुद्धा ओल मिसमध्ये पहिलं वर्ष राखीव बसला होता. त्या घरात धीर धरण्याची रीतच आहे, उतावीळ आपण झालो. गुडघ्याला बाशिंग आपण बांधलं आणि ते गळून पडलं म्हणून राग पोरावर काढला.

पण तो आधी दोन वर्षं क्विन युअर्सच्या मागे बेंचवर होता. तेव्हा शिकलाच असेल ना?

शिकला. पण काय शिकला आणि काय शिकायचं राहिलं, हे वेगळं बघायला हवं.

बेंचवर बसून प्लेबुक (टीमच्या चालींची वही) पाठ होतं. सहकाऱ्यांची सवय होते. जिममध्ये शरीर तयार होतं. पण सीझन चालू असताना नियमानुसार खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त २० तासच सक्तीचा सराव देता येतो. त्यात मीटिंगाही आल्या, व्यायामही आला. मैदानावरच्या सरावातला मोठा वाटा मुख्य क्वार्टरबॅकला जातो, कारण शनिवारी त्याला खेळायचं असतं. दुसऱ्या नंबरच्या मुलाच्या वाट्याला उरलेलं येतं. आणि सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. त्याला कुणी पाडत नाही.

न पाडणाऱ्या माणसासमोर उभं राहून पाडणाऱ्या माणसाची सवय होत नाही. ओरडणारे लाखभर लोक, चुकलेला पास, पुढच्या मिनिटाला परत मैदानात जायची वेळ, हे सरावात उभं करता येत नाही. आर्चने २०२४मध्ये मुख्य खेळाडू म्हणून सुरुवात केलेल्या मॅचेस फक्त दोन. म्हणून २०२५मध्ये तो कागदावर तिसऱ्या वर्षाचा होता आणि अनुभवाने जवळजवळ नवा. वर्षं मोजू नका, त्याने मॅचमध्ये फेकलेले पास मोजा.

रेडशर्ट म्हणजे काय?

पाच वर्षांत चार सीझन खेळायची मुभा असते. ज्या वर्षी मुलगा खेळत नाही, ते वर्ष त्याच्या चारांत धरलं जात नाही. त्याला रेडशर्ट म्हणतात. २०१८पासून चार मॅचपर्यंत खेळूनही हे वर्ष वाचवता येतं. घरच्यांना समजावताना "वर्ष वाया गेलं" असं म्हणू नका. त्याचं वर्ष राखून ठेवलं, असं म्हणा.

मग ट्रेव्हर लॉरेन्सला पहिल्याच वर्षी कसं जमलं?

जमलं, आणि तेव्हापासून प्रत्येक १८ वर्षांच्या पोराला त्याच्या मापाने मोजलं जातंय. लॉरेन्स २०१८मध्ये क्लेम्सनला आला, सीझनच्या पाचव्या मॅचपासून मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि अलाबामाला ४४-१६ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेऊन गेला. त्याच्याभोवती त्या वर्षी काय होतं तेही बघा : एनएफएलला गेलेला बचाव, मुरलेली लाइन, उंचपुरे रिसीव्हर.

लोक मग जॉनी मॅन्झील आणि जेमिस विन्स्टन यांची नावं काढतात. दोघांनीही पहिल्याच खेळलेल्या सीझनमध्ये हाइझमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकली, २०१२ आणि २०१३ साली. पण दोघेही त्याआधी एक पूर्ण वर्ष रेडशर्ट बसले होते. अपवादांतसुद्धा एक वर्ष धीराचं आहे, ते कुणी सांगत नाही.

पोरगा सुधारतोय की नाही, हे ओळखायचं कशावरून?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. धीर धरायचा म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही. काय बघायचं ते माहीत असलं की धीर आपोआप येतो.

मी आणि माझी मुलगी रविवारी सकाळी चहा घेऊन आदल्या दिवशीची मॅच पुन्हा बघतो. थांबवत थांबवत. चेंडू मागे यायच्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा. खोल उभे सेफ्टी किती? दोन. आता पुढे चालवायचं, हळू. डावा सेफ्टी खाली धावला. आता क्वार्टरबॅकच्या हेल्मेटकडे बघायचं. त्याचं तोंड अजून डावीकडेच आहे. पहिला रिसीव्हर मोकळा होईल म्हणून तो वाट बघतोय. मागचा पाय जमिनीवर टेकला, चेंडू सुटला नाही. त्याने जागच्या जागी एक उडी घेतली, मग दुसरी. दुसऱ्या उडीपर्यंत कॉर्नरने (कडेच्या बचावपटूने) ओळखलं. पास सुटला तेव्हा उशीर झाला होता, आणि चेंडू समोरच्याने उचलला.

स्कोअरशीटवर याला नुसतं "इंटरसेप्शन" म्हणतात. आम्ही वहीत लिहितो : "एका बाजूला अडकला, दोन उड्या." मग पाच-सहा आठवड्यांनी तसाच बचाव, तसाच धावत खाली आलेला सेफ्टी. या वेळी हेल्मेट डावीकडून मधे आलं, एकच उडी, आणि चेंडू मधल्या रिसीव्हरच्या हातात, सात यार्ड. प्रेक्षकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. माझी मुलगी मात्र सोफ्यावर उभी राहून ओरडली. ती त्या सात यार्डांची सहा आठवडे वाट बघत होती.

तर बघायचं काय? आधी पाय. घाबरलेल्या मुलाचे पाय आधी बोलतात. कुणी अंगावर आलेलं नसताना तो मागे सरकतो, वजन मागच्या टाचेवर जातं आणि पास उंच जातो. यूटेपविरुद्धच्या मॅचमध्ये मी स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर होतो, सप्टेंबरच्या उन्हात. तिथून चेहरा दिसत नाही, पण पाय स्वच्छ दिसतात. सलग पास चुकायला लागल्यावर त्याचे पाय प्रत्येक वेळी आधीपेक्षा घाईत होते. त्या दिवशी मला तो वाईट क्वार्टरबॅक वाटला नाही. आधीचा पास विसरता न येणारा मुलगा वाटला.

दुसरं, छोटा पास. नवखा मुलगा प्रत्येक वेळी मोठा डाव मारायला बघतो. शिकत असलेला मुलगा खोल कुणी मोकळं नसेल तर जवळच्या रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे) चेंडू देतो आणि चार यार्ड घेतो. चार यार्ड बघायला कंटाळवाणे असतात, पण त्यांतून पुढचा प्रयत्न सोपा होतो.

तिसरं, आणि मला वाटतं हे सगळ्यांत मोलाचं, चूक तीच आहे की नवी? सप्टेंबरमध्ये केलेली चूक नोव्हेंबरमध्येही तशीच होत असेल तर काळजी करा. नोव्हेंबरमध्ये नवीन चूक होत असेल तर तो नवीन काहीतरी करून बघतोय.

आकड्यांपैकी मी थर्ड डाउन तेवढा बघतो. तिसऱ्या प्रयत्नात सात-आठ यार्ड हवे असताना बचावाला माहीत असतं की पास येणार. तिथे क्वार्टरबॅकला लपायला जागा नसते. शेवटी एक : लांबच्या हॅशवरून (प्ले जिथून सुरू होतो त्या खुणेवरून) कडेला टाकलेला पास. कॉलेजमध्ये हॅशच्या दोन ओळींत ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजच्या मुलाला डाव्या हॅशवरून उजव्या कडेपर्यंत नुसती आडवी १०० फूट फेक करावी लागते. तो पास वेळेवर आणि जोरात गेला, की पोराचा स्वतःच्या हातावर विश्वास बसलाय असं समजा.

धीर धरून खरंच फळ मिळाल्याची उदाहरणं आहेत का?

हातच्या काकणाला आरसा कशाला! जो बरो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं होता, त्यातलं पहिलं रेडशर्ट, आणि मुख्य खेळाडू कधी झालाच नाही. २०१८मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेला. तिथलं पहिलं वर्ष ठीकठाक : सुमारे ५८ टक्के पास पोचले, १६ टचडाउन. त्या वर्षाअखेर त्याला कुणी महान म्हणत नव्हतं. २०१९मध्ये तोच मुलगा ७६ टक्के, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. टीम १५-०, हाइझमन, राष्ट्रीय विजेतेपद, आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) पहिला नंबर. मधे काय बदललं? त्याचं वय एका वर्षाने वाढलं, रिसीव्हर वर्षभर त्याच्याबरोबर राबले आणि जो ब्रेडी नावाच्या तरुण कोचबरोबर पासिंगची नवी पद्धत आली. धीर आणि योग्य पद्धत, दोन्ही लागतं.

जेडन डॅनियल्सने २०२१मध्ये ॲरिझोना स्टेटमध्ये १० टचडाउन आणि १० इंटरसेप्शन फेकले. दोन वर्षांनी एलएसयूमध्ये ४० टचडाउन, ४ इंटरसेप्शन आणि हाइझमन.

फर्नांडो मेंडोझाला हायस्कूलमधून फार कुणी बोलावलं नव्हतं; तो आधी येलला जायचं ठरवून बसला होता. मग कॅलला गेला, पहिलं वर्ष रेडशर्ट. दोन सीझन मार खात शिकला. २०२५मध्ये इंडियानाकडून खेळताना हाइझमन त्याला मिळाली, आणि ज्या इंडियानाला फुटबॉलमध्ये कुणी गणतीत धरत नव्हतं ती टीम राष्ट्रीय विजेती झाली.

काइल ट्रास्क तर ह्यूस्टनजवळच्या मॅनव्हेलच्या हायस्कूलमध्येही बॅकअप होता. फ्लोरिडाला गेला, तिथेही थांबला. २०१९मध्ये पुढचा खेळाडू मॅचमध्ये जखमी झाला तेव्हा तो मैदानात उतरला. पुढच्या वर्षी ४३ टचडाउन पास.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती जेलन हर्ट्सची गोष्ट. ८ जानेवारी २०१८, राष्ट्रीय अंतिम सामना, अलाबामा हाफटाइमला ०-१३ने मागे. कोच निक सेबनने त्याला बसवलं आणि नवख्या तुआ टागोवायलोआला उतरवलं. तुआने ओव्हरटाइममध्ये ४१ यार्डांचा पास टाकून मॅच जिंकून दिली. हर्ट्स वयाच्या १९व्या वर्षी सगळ्या देशासमोर बेंचवर उभा होता, आणि तो टीमच्या आनंदात सामील झाला. पुढच्या सीझनला तो सोडून गेला नाही. त्या डिसेंबरमध्ये अंतिम सामन्यातल्या त्याच जॉर्जियाविरुद्ध कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात तुआ जखमी झाला, हर्ट्स आला आणि ३५-२८ने मॅच काढली. मग ओक्लाहोमा, हाइझमनच्या मतदानात बरोच्या पाठोपाठ दुसरा, ड्राफ्टमध्ये ५३वा. आणि ९ फेब्रुवारी २०२५ला फिलाडेल्फियासाठी सुपर बोलचा (एनएफएलच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू. बसवलेला पोरगा बसूनच राहतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

चूक नेहमी क्वार्टरबॅकचीच का दिसते?

कारण चेंडू त्याच्या हातात असतो आणि कॅमेरा चेंडूमागे जातो. लाइनमधला एक जण चुकून दुसऱ्यालाच अडवायला गेला, रिसीव्हर दहा यार्डांवर वळायचा तो आठवरच वळला, पोचलेला पास हातातून निसटला, हे दिसायला संपूर्ण मैदान दाखवणारा व्हिडिओ लागतो. फ्लोरिडाविरुद्ध आर्चला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे पास सोडायच्या आत पाडलं. त्यातले किती त्याने चेंडू धरून ठेवल्यामुळे आणि किती लाइन कोसळल्यामुळे, हे न बघता आपण सगळे त्याच्या खात्यावर टाकतो. माझं सांगणं एवढंच : बोलायच्या आधी तो प्ले एकदा तरी परत बघा.

आता या मुलांना लाखो डॉलर मिळतात. मग टीका सहन केलीच पाहिजे ना?

जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, आणि जुलै २०२५पासून कॉलेजंही त्यांना थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हे पैसे त्यांना मिळायलाच हवे होते. त्यांच्या जिवावर दुसरे वर्षानुवर्षं कमावत होते.

पण पैशाने सेफ्टी ओळखता येत नाही. सराव पैशाने विकत मिळत नाही. खेळावर टीका जरूर करा, मीही करतो. मात्र पैज हरलेले लोक या मुलांना धमक्यांचे मेसेज पाठवतात, आणि हा प्रकार इतका वाढलाय की एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवरची पैज बंद करावी अशी राज्यांकडे मागणी केली आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने सोमवारी वर्गात जाण्याआधी असा मेसेज वाचायचा, हे मला कुठल्याही रकमेसाठी मान्य नाही.

घरच्या मैदानावर हुर्यो केल्याने बिघडतं काय?

दोन गोष्टी. मुलगा पुढचा पास चुकू नये म्हणून फेकायला लागतो, आणि तसा फेकलेला पास हमखास चुकतो. शिवाय भरतीसाठी आलेले हायस्कूलचे खेळाडू आणि त्यांचे आईवडील त्याच स्टेडियममध्ये बसलेले असतात. इथे पोराशी कसं वागतात, हे ते ऐकत असतात.

धीर कधी सोडायचा?

सोडायची वेळ येते, नाही असं नाही. वर म्हटलं तसं, तीच चूक सीझनभर, नंतर पुढच्या सीझनमध्येही होत असेल. सहकारी त्याच्याकडे बघायचे थांबले असतील. बेंचवरचा दुसरा मुलगा सरावात उघड सरस दिसत असेल, तर कोचने बदल करावा. तो अन्याय नाही. हर्ट्सला बसवणंही त्या रात्री बरोबरच होतं, हे हर्ट्सचा चाहता असूनही मी म्हणतो.

आणि दुखापत. डोक्याला मार लागला असेल तर धीराचा प्रश्नच येत नाही. डॉक्टर सोडेपर्यंत तो खेळणार नाही, मग समोर कुठलीही मॅच असो.

ट्रान्सफर पोर्टलच्या जमान्यात धीर धरणार कोण?

पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, २०१८मध्ये आलं, आणि आता अभ्यासात पुढे असलेल्या मुलाला कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येतं. धीराचं फळ म्हणून वर दिलेल्या पाच उदाहरणांपैकी चार मुलं कॉलेज बदललेलीच आहेत. म्हणून बदलणाऱ्याला अधीर म्हणणं बरोबर नाही. बरो ओहायो स्टेट सोडून गेला तो तीन वर्षं थांबून, पदवी हातात घेऊन.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. दरवर्षी नवं कॉलेज, नवा कोच, नवं प्लेबुक, म्हणजे दरवर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात. त्याच चालीचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तिसरं प्लेबुक बसेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. आर्चकडे पहिल्या दोन वर्षांत कुठेही जाऊन खेळायची सोय होती. तो राहिला. याचं श्रेय त्याला द्यायला आपण विसरतो.

माझा मुलगा इथल्या शाळेत क्वार्टरबॅक आहे. नववीत आहे आणि खेळायला मिळत नाही. काय करू?

मॅचनंतर गाडीत बसल्यावर पहिले दहा मिनिटं खेळाबद्दल बोलू नका. भूक लागली का, एवढंच विचारा. तो स्वतःहून बोलेल तेव्हा ऐका. शेजारच्या मुलाशी तुलना नको, ती आपल्याकडे दहावीच्या मार्कांपासून अंगवळणी पडलेली आहे.

कोचला भेटायचं असेल तर "माझा मुलगा का खेळत नाही?" असं विचारू नका. "त्याने पुढच्या महिन्यात कुठली एक गोष्ट सुधारावी?" असं विचारा, आणि शक्यतो मुलालाच विचारू द्या. आमच्या ओळखीच्या एका घरात वडिलांनी दर आठवड्याला खासगी कोचकडे नेऊन मुलाची फेक बदलवली. शाळेचे कोच एक सांगायचे, खासगी कोच दुसरं. मुलाचा खांदा दुखायला लागला आणि दहावीत त्याने खेळ सोडला. तो हुशार होता, आणि त्याला खेळ आवडायचा. मला अजून वाईट वाटतं.

आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांना मॅचला न्या. चाल समजली नाही तरी नातू बेंचवरून उठून सहकाऱ्याला पाणी देताना दिसला की ते बरोबर त्याचं कौतुक करतात.

नेमका किती वेळ द्यायचा? एक आकडा सांगा.

मुख्य खेळाडू म्हणून एक पूर्ण सीझन, त्यानंतरच्या वसंतातली सरावाची १५ सत्रं, आणि दुसऱ्या सीझनच्या पहिल्या चार मॅच. त्याआधी मी कुठल्याही मुलाबद्दल ठाम मत देत नाही.

या शनिवारी पहिल्यांदाच स्टेडियममध्ये जातोय. काय बघू?

दुर्बीण न्या. वरच्या मजल्यावरची, मैदानाच्या एका टोकाकडची जागा मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका. तिथून दोन्ही सेफ्टी आणि क्वार्टरबॅक एका नजरेत येतात. पहिल्या थर्ड डाउनला चेंडूकडे बघू नका. त्याच्या मागच्या पायाकडे बघा, आणि पाय टेकल्यावर तो किती उड्या घेतो ते मोजा. मॅच संपल्यावर मला फोन करून तो आकडा सांगा. माझी मुलगी वहीत लिहून ठेवेल.